देवमासा : समुद्रांत परत गेलेला पशु



घाटकोपरच्या रहिवाशानें समुद्राविषयीं बोलावें, हें कोणाला थोडें अवांतर वाटेल. आमच्या वांट्याला चौपाटी आलेली नाहीं. पश्चिमेस टेकड्या, पूर्वेस द्रुतगति महामार्ग ओलांडला, कीं मिठागरें, चिखल आणि तिवरांचें रान, आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे त्या चिखलांत उतरतात, तेव्हां बाकीच्या मुंबईला आमची आठवण होते. पक्षी उडून गेले, कीं तीहि उडून जाते. तथापि ह्या खाडीचें पाणी दिवसांतून दोन वेळां अरबी समुद्राशीं देवघेव करून येतें. आणि पृथ्वीवर आजवर जन्मलेल्या प्राण्यांत वजनानें बहुधा सर्वांत मोठा असा प्राणी त्याच समुद्रांत श्वास घेण्यासाठीं वर येत असतो. त्या प्राण्याविषयीं, त्याच्या गणगोताविषयीं आणि विशेषतः त्याच्या पूर्वजांविषयीं आज बोलावयाचें आहे.

प्रारंभ एका बाजारी गोष्टीनें करतों. २०१९ च्या जून महिन्यांत आमच्या शेजारच्या विद्याविहार भागांत पोलिसांनीं सुमारे १ किलो ३०० ग्रॅम वजनाचा एक पदार्थ जप्त केला. त्याची किंमत १ कोटि ७० लक्ष रुपये सांगण्यांत आली. वृत्तपत्रांनीं त्याला 'देवमाशाची उलटी' म्हटलें, आणि हेंच ओंगळ नांव आतां सर्वतोमुखीं झालें आहे. अत्तरवाल्यांच्या पेठेंत त्याला फार पूर्वींपासून अंबर म्हणतात. स्पर्म नांवाच्या जातीचा देवमासा खोल समुद्रांत माकुलें खातो. माकुलाचें अंग मऊ. पण त्याच्या तोंडांत राघूच्या चोंचीसारखी एक कठीण चोंच असते, आणि ती पचत नाहीं. बहुतेक चोंची देवमासा खरोखरच ओकून टाकतो. ज्या थोड्या पुढें आंतड्यांत उतरतात, त्यांच्याभोंवतीं क्वचित् एखाद्या देवमाशाच्या पोटांत मेणासारखा थर सांचत जातो आणि त्याचा गोळा बनतो. हा गोळा बाहेर पडतो तो तोंडावाटें नव्हे, विष्ठेच्या वाटेनें, किंवा प्राणी मेल्यावर. आरंभीं त्याला दुर्गंधच असतो. वर्षानुवर्षें लाटांवर ऊन्ह आणि खारें पाणी खाल्ल्यावर तो सुगंधी होतो. म्हणजे ज्या वस्तूपायीं माणसें तुरुंग पत्करतात, ती एका अपचनाची खूण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं देवमाशाला संरक्षण असल्यामुळें भारतांत अंबर जवळ बाळगणें व विकणें हा गुन्हा आहे, हें जातां जातां सांगून ठेवतों.

मराठीनें ह्या प्राण्याला मासा म्हटलें, यांत मराठीचा दोष नाहीं. जो पाण्यांत जन्मतो, पाण्यांत मरतो आणि अंगानें चातीसारखा निमुळता आहे, त्याला दुसरें काय म्हणावयाचें? परंतु शरीर उघडून पाहिलें, कीं मासेपणाचा सगळा देखावा गळून पडतो. त्याला कल्ले नाहींत, फुप्फुसें आहेत. रक्त उष्ण आहे. अंगावर खवले नाहींत. उलट कित्येक जातींच्या पिल्लांच्या मुस्कटावर जन्मतः चार केंस असतात. मादी पिल्लाला जन्म देते व अंगावर पाजते. पुढच्या परांतील हाडें पाहिलीं, तर खांद्याचें हाड, दंडाचें हाड, कोपरापुढचीं दोन, मग मनगटाचीं आणि शेवटीं बोटांचीं, अशीं तीं आपल्याच हाताच्या क्रमानें लावलेलीं आढळतात. हात एखाद्या पिशवींत घालून पिशवीचें तोंड शिवून टाकावें, तसा हा पर आहे. मागचे पाय बाहेरून दिसत नाहींत. पण कमरेच्या जागीं मांसांत दोन लहान हाडें एकटींच पडलेलीं असतात. पाठीच्या कण्याशीं त्यांचा सांधा राहिलेला नाहीं. प्रजननेंद्रियांच्या स्नायूंना आधार देणें, एवढेंच काम त्यांच्याकडे उरलें आहे.

मासा आणि देवमासा यांतला भेद दुरून ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. बाजारांत बांगडा किंवा सुरमई पाहा. शेंपूट उभें असतें, आणि मासा तें डावीकडे-उजवीकडे हालवून पोहतो. देवमाशाचें व डॉल्फिनचें शेंपूट आडवें असतें, आणि तें वर-खालीं चालतें. याचें कारण पाण्यांत शोधून सांपडणार नाहीं. तें जमिनीवर आहे. कुत्रा किंवा चित्ता भरधांव पळतांना पाहिला असेल, तर त्याची पाठ कमानीसारखी वर-खालीं वांकते, हें ध्यानांत आलें असेल. चार पायांवर धांवणाऱ्या सस्तन प्राण्यांची ही संवय. पाय गेले, धांवणें गेलें, धांवण्याची भूमिहि गेली. पण पाठीच्या कण्यानें आपली जुनी चाल सोडली नाहीं. ज्याला आपण पोहणें म्हणतों, तें पाहूं गेल्यास समुद्रांतलें धांवणेंच आहे.

आतां श्वासाचें पाहूं. देवमाशाची नाकपुडी डोक्याच्या माथ्यावर असते. चित्रांत त्याच्या डोक्यावर पाण्याचें कारंजें काढण्याची चाल आहे. परंतु तें पाणी नव्हे. कोंडून ठेवलेला उष्ण श्वास वेगानें बाहेर पडला, कीं त्यांतल्या वाफेचें धुकें होतें, त्याबरोबर थोडा श्लेष्मा आणि नाकपुडीभोंवतींचें पाणी उडतें, इतकेंच. आपण सहज श्वास घेतों, तेव्हां छातींतल्या हवेचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा बदलतो. देवमासा एका उच्छ्वासांत चार पंचमांशाहून अधिक हवा बदलून टाकतो. तरीसुद्धां खोल बुडी मारतांना त्याची खरी शिदोरी फुप्फुसांत नसते. ती रक्तांत आणि स्नायूंत असते. स्पर्म देवमासा एक हजार मीटरहून खोल सहज जातो. त्याच्या मांसांत प्राणवायु धरून ठेवणारें मायोग्लोबिन नांवाचें द्रव्य इतकें ठासून भरलेलें असतें, कीं मांस काळपट दिसतें. ह्याच विपुलतेमुळें केंब्रिजच्या जॉन केंड्रू यांनीं आपल्या प्रयोगासाठीं स्पर्म देवमाशाचें मांस निवडलें, आणि १९५८ मध्यें एका प्रथिनाच्या रेणूची घडण जगाला प्रथमच दिसली. त्या कार्याबद्दल त्यांस १९६२ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मानवाच्या देहांतील रसायन समजून घेण्याची एक किल्ली अशी देवमाशाच्या स्नायूंत सांपडावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

बुडी मारतांना हृदयहि सावकाश चालतें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर निळ्या देवमाशाच्या अंगाला यंत्र चिकटवून त्याचे ठोके मोजण्यांत आले. तळाशीं असतांना ते मिनिटाला दोनपर्यंत उतरले होते. वर आल्यावर ते तीसच्या पुढें गेले. असलें एक हृदय पूर्वीं कॅनडांत तोलून पाहिलें होतें. तें सुमारे १८० किलो भरलें.

थंड पाण्यांत उष्ण रक्त राखावयाचें, तर अंगावर पांघरूण हवें. तें काम कातड्याखालच्या चरबीचा जाड थर करतो. पिण्याच्या पाण्याचा प्रश्नहि असाच अवघड. भोंवतीं अथांग पाणी, आणि तें सगळें खारट. देवमासा बहुतेक पाणी आपल्या अन्नांतून मिळवतो, आणि जास्तीचें मीठ बाहेर टाकण्यासाठीं त्याचें मूत्रपिंड आपल्यासारखें एकसंध नसून द्राक्षांच्या घोसासारखें शेंकडों लहान खंडांचें बनलेलें असतें. झोंपेचें तर विचारूंच नका. श्वास घेण्यासाठीं जागें राहिलेंच पाहिजे, म्हणून डॉल्फिन एका वेळीं मेंदूचा एकच अर्धा भाग झोंपवतो. दुसरा पहारा करतो.

खाण्याच्या रीतीवरून ह्या कुळाच्या दोन शाखा पडतात. एक दांत असलेल्यांची. तींत स्पर्म देवमासा आणि सगळे डॉल्फिन येतात. दुसरी दांत नसलेल्यांची. दुसऱ्या शाखेंत वरच्या जबड्याला दांतांच्या ऐवजीं कचकड्यासारख्या पट्ट्यांची झालर लोंबत असते. आपलीं नखें आणि केंस ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याची ती असते. निळा देवमासा ह्याच शाखेंतला. त्याची लांबी ९० फुटांवर जाते, पण त्याचा आहार मात्र क्रिल नांवाच्या, बोटाच्या पेराएवढ्या जीवांचा. कोळणीच्या टोपलींतला जवळा भगिनींच्या परिचयाचा आहे. क्रिल दिसावयास साधारण तसाच. जवळ्यावर हत्तीचें पोट भरावें, आणि तेंहि एका हत्तीचें नव्हे, पंचवीस-तीस हत्तींचें, तसा हा प्रकार आहे. तो साधतो कसा? क्रिलचा दाट थवा दिसला, कीं देवमासा वेग घेतो आणि जबडा पुरा उघडून त्यांत शिरतो. हनुवटीपासून बेंबीपर्यंत त्याच्या गळ्यावर चुण्या असतात. त्या उलगडतात आणि गळ्याची अवाढव्य झोळी होते. एका घोटांत स्वतःच्या वजनाइतकें पाणी तो तोंडांत घेऊं शकतो. मग तोंड मिटून, जीभ दाबून, पाणी झालरींतून बाहेर लोटतो. क्रिल आंत अडकून राहतो. गृहिणी तांदूळ धुऊन पाणी रोळींतून निथळते, त्यांतलाच हा प्रकार. प्रशांत महासागरांतील निळा देवमासा चरण्याच्या दिवसांत रोज सरासरी १६ टन क्रिल खातो, असें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोजणींत दिसून आलें. पूर्वींचे अंदाज त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच होते.

दांतवाल्या शाखेची विद्या निराळी आहे. गढूळ पाण्यांत डोळ्यांचा उपयोग फारसा होत नाहीं, आणि आमच्या बंदरांतलें पाणी किती नितळ असतें, हें मुंबईकराला सांगावयास नको. डॉल्फिन नाकपुडीच्या खालच्या पोकळींत टिचकी वाजवल्यासारखे ध्वनि उत्पन्न करतो. कपाळावरचा चरबीचा गोळा भिंगासारखें काम करून ते पुढें एकवटतो. समोरच्या वस्तूवर आपटून आलेला प्रतिध्वनि खालच्या जबड्यांतल्या चरबीवाटें कानाकडे पोंचतो. मासा कोठें आहे, केवढा आहे, कोणीकडे पळतो आहे, हें त्याला अशा रीतीनें 'ऐकूं' येतें. म्हणून जहाजांच्या यंत्रांचा कर्कश आवाज हा ह्या प्राण्यांच्या बाबतींत नुसता उपद्रव नसतो. आपल्या डोळ्यांपुढें कोणी धूर करावा, तसा तो असतो.

कोंकणच्या किनाऱ्यालगत जो डॉल्फिन नेहमीं दिसतो, तो शिशासारख्या रंगाचा, लांब तोंडाचा, आणि पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेला. तो उथळ पाण्यांत आणि खाड्यांच्या मुखाशीं राहतो. हर्णै, गुहागर, तारकर्ली येथें होड्या भाड्यानें घेऊन लोक पाहावयास जातात तो हाच. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरूनहि तो कधीं कधीं दिसतो. दुसरा भुलगा. तो ठेंगणा, बोथट डोक्याचा, आणि पाठीवर पर मुळींच नसलेला. श्वासापुरता अलगद वर येऊन नाहींसा होतो, म्हणून बहुतेकांस तो दिसतो तो जाळ्यांत मेल्यावरच. मोठ्यांपैकीं ब्राइड जातीचा देवमासा आपल्या उष्ण पाण्यांतच वर्षभर राहणारा आहे. २०१६ च्या जानेवारींत जुहूच्या वाळूवर तीस फुटांहून लांब असा एक येऊन पडला होता. त्या वेळीं जी गर्दी लोटली, तींतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, कीं असले देवमासे मुंबईहून कांहीं मैलांवर तारल्या खात फिरत असतात.

येथवर मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट एकाच प्रश्नाकडे बोट दाखवते. जमिनीवरच्या प्राण्याचीं फुप्फुसें, हात, कणा आणि दूध घेऊन हा जीव समुद्रांत आला कोठून? ह्या प्रश्नाचें उत्तर जगांतल्या कोणत्याहि भागापेक्षां आपल्याच उपखंडांत अधिक सांपडलें आहे. घाटकोपरांत कच्छी कुटुंबांची मोठी वस्ति आहे. त्यांतील किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, कीं त्यांच्या मूळ मुलुखांतील हरूडी आणि बाबियाची टेकडी हीं नांवें जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांच्या तोंडीं आहेत! आज जेथें रखरखीत माळ आहे, तेथें सव्वाचार कोटि वर्षांपूर्वीं उथळ समुद्र होता. तेथल्या खडकांतून लखनौ विद्यापीठाच्या अशोक साहनी व व्ही. पी. मिश्र ह्या शास्त्रज्ञांनीं प्राचीन देवमाशांचे अवशेष उजेडांत आणले व १९७५ मध्यें त्यांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतल्या एकाच्या नांवांत 'हरूडी' गांव कायमचें गोंवलेलें आहे. पुढें २००० मध्यें सुनील बाजपेयी व हान्स थेविसेन यांनीं तेथल्याच एका लहानशा जातीला 'कच्छिसेटस' असें नांव दिलें. हा कच्छचा देवमासा पाणमांजरासारखा होता. लांब तोंड, आंखूड पाय आणि बळकट शेंपूट.

ह्याहून जुने पूर्वज पंजाबच्या वायव्येस, आतां पाकिस्तानांत असलेल्या टेकड्यांत सांपडले. १९८१ मध्यें वर्णिलेला पाकिसेटस सुमारे पांच कोटि वर्षांपूर्वींचा. दिसावयास लांडग्यासारखा, चार पायांवर चालणारा, पण कवटी आणि कान देवमाशाच्या वळणाचे. १९९४ मध्यें वर्णिलेल्या अँब्युलोसेटसला चालतांहि येई आणि पोहतांहि येई. सुसरीसारखा तो पाण्याच्या कडेला दबा धरून बसत असावा. २००१ मध्यें आणखी कांहीं सांगाड्यांचे घोटे मिळाले आणि एक जुना वाद मिटला. घोट्याचें तें हाड दोन्ही टोंकांना कप्पीसारखें होतें. असा घोटा गाय, हरीण, डुक्कर, उंट ह्या समखुरी पशूंनाच असतो. रक्ताच्या व वंशद्रव्याच्या परीक्षेवरून रसायनशास्त्रज्ञ तेंच सांगत होते. हयात प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा आप्त पाणघोडा आहे.

परंतु मला ह्या सगळ्यांत प्रिय आहे ती ए. रंगराव यांची कथा. हे भारतीय भूशास्त्रज्ञ. जम्मू-काश्मीरांतील राजौरी जिल्ह्यांत कालाकोट येथें त्यांना कांहीं दांत व जबड्याचे तुकडे मिळाले, आणि १९७१ मध्यें त्यांनीं त्या प्राण्याला 'इंडोह्यूस' असें नांव दिलें. त्यांनीं आणलेले पुष्कळसे दगड मात्र न फोडतां तसेच राहिले. रंगराव वारले. पुढें त्यांच्या पत्नीनें ते दगड थेविसेन यांच्या हवालीं केले. प्रयोगशाळेंत दगड कोरून हाडें मोकळीं करतांना एका कवटीच्या कानाचें हाड चुकून मोडलें, आणि त्या मोडण्यांतून गुपित बाहेर पडलें. कानाची आंतली भिंत विलक्षण जाड होती. ही जाडी देवमाशाच्या कुळाची खूण आहे. दुसऱ्या कोणत्याहि सस्तन प्राण्याच्या कानांत ती तोंवर आढळली नव्हती. पायांचीं हाडेंहि नेहमीपेक्षां भरीव होतीं. उथळ पाण्यांत तळावरून चालणाऱ्या प्राण्याला असा भार उपयोगी पडतो. २००७ च्या डिसेंबरांत हा शोध प्रसिद्ध झाला. इंडोह्यूस हा देवमाशाचा साक्षात् आजा नव्हे. आजाचा चुलतभाऊ म्हणा. आकारानें मांजराएवढा. आपल्या सह्याद्रींत पिसोरी नांवाचें ससाएवढें हरीण आहे. अंगलट साधारण तशी डोळ्यांपुढें आणावी. आफ्रिकेंत पिसोरीचा एक नातलग शत्रूची चाहूल लागतांच ओढ्यांत बुडी मारून बसतो. पांच कोटि वर्षांपूर्वीं असेंच एखादें भित्रें जनावर जिवाच्या भयानें पाण्यांत शिरलें असावें, असा तर्क आहे. प्रथम लपण्यापुरतें, मग खाण्यापुरतें, आणि शेवटीं परत यावयाचें कारणच उरलें नाहीं.

ह्या प्रवासाच्या खुणा आजहि गर्भांत दिसतात. डॉल्फिनच्या कोंवळ्या गर्भाला मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि कांहीं आठवड्यांत जिरून जातात. झालरवाल्या देवमाशाच्या गर्भाला हिरड्यांत दांतांचे अंकुर येतात, आणि तेहि जन्मापूर्वींच नाहींसे होतात. २००६ मध्यें जपानांत ताइजी येथें एक डॉल्फिन सांपडला, त्याला मागच्या बाजूस परांची जास्तीची जोडी होती. जिरावयाचें तें जिरलें नव्हतें.

समुद्रांत परतलेलें हें एकच कुळ नव्हे. सील निराळ्या मांसाहारी पूर्वजांपासून गेले. समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, ही तर हत्तीची नातलग. ती समुद्रतळावरचें गवत चरते, आणि भारतांत ती आतां कच्छचें आखात, तामिळनाडूचा किनारा आणि अंदमान येवढ्याच ठिकाणीं थोडीफार उरली आहे. तामिळनाडू सरकारनें २०२२ मध्यें पाल्कच्या उपसागरांत तिच्यासाठीं राखीव क्षेत्र जाहीर केलें. हा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

अरबी समुद्राच्या एका रहिवाशाची गोष्ट मात्र टाळतां येत नाहीं. कुबड्या देवमासे जगांत सर्वत्र हिंवाळा-उन्हाळ्याप्रमाणें स्थलांतर करतात; ध्रुवाकडे जाऊन खातात, विषुववृत्ताकडे येऊन वितात. अरबी समुद्राला उत्तरेकडे वाटच नाहीं. आशिया खंड आडवें पडलें आहे. परंतु नैर्ऋत्य मोसमी वारा, जो आपल्याला पाऊस देतो, तोच ओमानच्या किनाऱ्यावरचें पाणी ढवळून तळचें खाद्य वर आणतो. म्हणून येथले कुबडे देवमासे येथेंच खातात आणि येथेंच वितात. सुमारे ७०,००० वर्षें ते इतरांपासून तुटलेले आहेत, असें वंशद्रव्यावरून दिसतें. १९६६ च्या सुमारास सोव्हिएट शिकारी जहाजांनीं ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या समोरच्या समुद्रांत बेकायदा शिकार करून यांतले २४२ मारले. ती गोष्ट तीस वर्षें दडवून ठेवलेली होती. ओमानच्या समुद्रांत आतां शंभरहि उरलेले नसावेत, असा अंदाज आहे. २०१७ च्या अखेरीस ओमानांत एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारें यंत्र बसवलें होतें. तिचें नांव लुबान. म्हणजे आपल्याकडे धुपांत घालतात तो ऊद. ही लुबान अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली, किनाऱ्याकिनाऱ्यानें कन्याकुमारीपर्यंत उतरली, आणि परत ओमानला गेली. किनाऱ्यावरच्या कोणाला पत्ताहि लागला नाहीं.

पत्ता लागतो तो बहुधा प्रेत वाळूवर आल्यावर. पावसाळ्यांत वारा किनाऱ्याकडे असतो, म्हणून असले प्रसंग त्या महिन्यांत वाढतात. २०१५ च्या जूनमध्यें अलिबागजवळ रेवदंड्यास सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत लागला आणि मेला. २०२३ च्या नोव्हेंबरांत, ऐन दिवाळींत, गणपतिपुळ्याच्या वाळूवर निळ्या देवमाशाचें म्हणून ओळखलें गेलेलें सुमारे २० फुटी पिल्लू लागलें. वनखात्याचे लोक, मच्छीमार, गांवकरी सर्वांनीं शिकस्त केली. ओल्या कापडानें अंग झांकलें, शिरेंतून द्रव दिला, आणि जवळजवळ चाळीस तासांनंतर त्याला खोल पाण्यांत नेऊन सोडलें. तें वांचलें नाहीं. शरीरशास्त्र जाणणाऱ्याला त्याचें कारण कळतें, पण कळल्यानें समाधान होत नाहीं. पाण्यांत ज्या देहाला वजन नसतें, तो वाळूवर आला, कीं आपल्याच भारानें आपलीं फुप्फुसें दाबतो. जी चरबी थंडींत पांघरूण होती, तीच उन्हांत भट्टी होते. आणि त्यांतून हें अंगावर पिणारें वय. निळ्या देवमाशाची आई पिल्लाला दिवसाकाठीं दीड-दोनशें लिटर दूध पाजते. तें दूध इतकें दाट असतें, कीं त्यांत तिसरा हिस्सा आणि अधिकहि चरबीच असते. आईची चुकामूक झालेल्या पिल्लाला खोल पाण्यांत नेऊन सोडलें, तरी त्याच्या तोंडीं काय द्यावयाचें?

मोठ्या देवमाशांना जहाजांची धडक बसते; डॉल्फिन आणि भुलगा यांचा मुख्य वैरी जाळें. येथें कोळी बांधवांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. डॉल्फिन जाळ्यांतला मासा काढतांना जाळें फाडतो, आणि अडकलेला प्राणी सोडवावयाचा, तर जाळें कापावें लागतें. जाळ्याची किंमत हजारांत असते, आणि ती बहुधा कर्जाची असते. महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या डिसेंबरापासून अशी योजना सुरूं केली, कीं संरक्षित प्राणी सोडवण्यासाठीं जाळें कापलें, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. त्यासाठीं सुटकेचें छायाचित्र दाखवावें लागतें. माझ्या मतें देवमाशांविषयीं आपल्याकडे जें जें कांहीं करण्यांत आलें, त्यांत ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. कारण ती त्या होडींतल्या माणसाचा हिशेब धरून केलेली आहे. त्या योजनेमुळें कासवें पुष्कळ सुटलीं, आणि त्यांबरोबर डॉल्फिनहि.

श्रोत्यांपैकीं कोणी सुटींत कोंकणांत गेला आणि वाळूवर असा जिवंत प्राणी दिसला, तर वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें. गर्दी हटवावी. अंगावर ओलें कापड टाकावें व तें ओलें ठेवावें, पण डोक्यावरची नाकपुडी उघडी राहूं द्यावी. तींत पाणी जातां कामा नये. छायाचित्रासाठीं पाठीवर बसूं नये. आणि शेंपूट धरून ओढूं नये. देह जड असतो, सांधे निखळतात.